डाव्या हाताचा चुना

गावाने मला रडताना पाहिलं ते मे महिन्याच्या भर उन्हात, शेताच्या मधोमध, आणि तेसुद्धा चुन्याने.

वारा अचानक फिरला आणि हातातली भुकटी माझ्याच तोंडावर आली. डोळ्यांतून घळाघळा पाणी सुटलं. नेमक्या तेव्हाच देवळातून परतणाऱ्या बायका रस्त्याने चालल्या होत्या. त्या थांबल्या. त्यांत आमची शेजारीण काकी होती. तिचं कुजबुजणंसुद्धा नदीपलीकडे ऐकू जातं. ती म्हणाली, "रडली गे बाये एकदाची! बरें जालें, हलकी जातली आतां."

मी हात हलवून सांगत होते की अगं, चुना गेलाय डोळ्यांत, पाणी आण. त्यांना वाटलं, एकटीला राहू दे म्हणते आहे. डोक्यावर पदर सारखे करून बिचाऱ्या निघून गेल्या. मी बाटलीतल्या पिण्याच्या पाण्याने डोळे धुतले आणि राहिलेलं पोतं संपवलं. हलकी-बिलकी काही झाले नाही. डोळे मात्र बरेच दिवस लाल होते, त्यामुळे गावाचा समज अगदी पक्का झाला.

आमचे हे त्याआधीच्या कार्तिकात गेले होते, आणि मी रडले नव्हते.

पण हे असं अर्ध्यातून सांगून उपयोग नाही. चुना शेतात कसा आला ते आधी सांगते.

मी मूळची हरमलची. माझ्या लहानपणी तिथे शिंपले आणि खुबे गोळा करून भट्टीत भाजायचे आणि चुना करायचे. आता भट्टीच्या जागी भाड्याच्या स्कूटर उभ्या असतात आणि माझा भाऊ परदेशी लोकांना खोल्या देतो. लग्न होऊन डिचोलीकडे आले तेव्हा माझ्या लेखी चुना तीनच जागी लागायचा: पानाला, भिंतीला आणि लोकांना. शेताला चुना लागतो हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

हे खाणीवर गाड्या दुरुस्त करायचे. खाणी बंद पडल्या तेव्हा इतरांसारखे तेही घरी बसले. थोडे दिवस पडवीत बसून रस्त्याकडे बघितलं आणि एके दिवशी कुदळ घेऊन शेतात गेले. शेत आमचं मुळगावच्या अंगाला, नदीच्या काठाला. हे आणि धाकटा दीर, दोघांच्या नावावर. दीर वास्कोला बंदरात नोकरीला, तिथेच बिऱ्हाड. त्यामुळे शेत नावाला दोघांचं आणि राबायला एकाचं.

आणि शेत तरी कसलं! वर्षानुवर्षं पावसाळ्यात वरच्या खाणींची तांबडी माती वाहून येऊन त्यात बसलेली. भात लावलं की चार दिवस हिरवं दिसायचं, मग पानं तांबूस पडायची, जणू गंज चढलाय. साचलेल्या पाण्यावर तेलासारखा तवंग यायचा. खत घालून घालून हे दमले. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी माती पिशवीत भरून शेतकी खात्यात नेऊन दिली. तिथल्या मुलीने तपासून सांगितलं, "काका, तुमची माती आंबट झालीय. खत कितीही घाला, रोपाला ते घेताच येत नाही. आधी चुना घाला."

त्या दिवशी हे घरी आले ते लॉटरी लागल्यासारखे. अंगणातूनच ओरडले, "आयकलें गो? शेताक पित्त जालां!"

कारण पित्त हा ह्यांचा हक्काचा विषय. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या छातीतली जळजळ ऐकत आले होते. आमसुलाचं सार, सोड्याचं पाणी, जेवल्यावर शतपावली, सगळं करून झालं होतं. आता शेतालाही तेच झालं म्हटल्यावर ह्यांना त्याच्याबद्दल एकदम माया वाटायला लागली. "म्हाका सोडो, ताका चुनो," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. मी म्हटलं, "दोघंही तिखट कमी खा."

चुन्याची पोती आली. पांढरी, बारीक, पिठासारखी भुकटी. आणि इथे आमच्या घरातली एक गंमत सांगायला हवी.

हे डावखुरे. जेवायचे उजव्या हाताने, कारण लहानपणी मार खाल्ला होता. बाकी सगळं डाव्याने. कोयता डाव्या हातात, पाना डाव्या हातात, मला पहिल्यांदा गजरा दिला तोही डाव्या हाताने. माझ्या सासूबाई असेपर्यंत त्यांचा एक नियम होता: ह्यांनी शेतात बी टाकायचं नाही. "दाव्या हातान बीं उडयल्यार लक्ष्मी फाट करता," म्हणायच्या. लक्ष्मी पाठ फिरवते म्हणे. उजव्या हाताने टाकायला सांगितलं तर ह्यांचं बी धड पडायचं नाही, एकाच जागी ढीग. मग नांगरायचं ह्यांनी, चिखल करायचा ह्यांनी, आणि मूठभर बी फेकायला दिराने पाटलासारखं यायचं. सासूबाई गेल्या तरी नियम राहिला. दीर दर मिरगाला वास्कोहून बस पकडून यायचा, बी टाकायचा, जेवायचा, झोपायचा आणि जायचा.

तर चुना आल्यावर हे मला विचारतात, "चुनो बीं न्हय मगो?"

मी म्हटलं, "चुना बी कसं असेल?"

"मागीर दाव्या हातान चलता," म्हणाले.

एवढं वय झालेला माणूस, डोक्यावर निम्मे केस उरलेले, पण त्या संध्याकाळी पोतं खांद्यावर घेऊन निघाला तो जत्रेला निघाल्यासारखा. पंपाच्या खोपीकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. मी मेरेवर, म्हणजे बांधावर, चहाचा थर्मास घेऊन बसले होते. हे मूठ भरायचे, हात मागे न्यायचे आणि डावीकडून उजवीकडे असा काही फेकायचे की भुकटी हवेत पसरून हळूहळू खाली बसायची. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या शेतात काहीतरी आपल्या हाताने टाकत होते. मध्येच थांबून माझ्याकडे बघायचे. मी म्हटलं, "बघतेय, बघतेय. चालू दे."

एवढा एक कोपरा झाला. पाऊस त्या वर्षी लवकर आला, शेतात पाणी भरलं आणि उरलेली पोती परत पडवीत येऊन बसली. कोपऱ्यात काही फरक पडला म्हणावं तर तोही नाही. हे रोज जाऊन वाकून वाकून बघायचे. गावातले लोक विचारायचे, "काय हो, शेताला चुना लावलात की शेताने तुम्हाला?" हे हसायचे. मला म्हणायचे, "चुनो सवकास चलता. फुडल्या वर्सा पळय."

पुढल्या वर्षी बघायला हे राहिले नाहीत.

त्या दुपारी जेवल्यावर छातीत जळजळतं म्हणाले. त्यात नवीन काय? स्वतःच उठून सोड्याचं पाणी केलं, प्यायले आणि पडवीत जाऊन चुन्याच्या पोत्यांना पाठ टेकून बसले. मी भांडी आवरत होते. ह्यांचं नाव मी कधी घेतलं नाही, आमच्यात घेत नाहीत. मी आपली हाक मारायची, "ऐकलंत का?" तशी मारली. मग पुन्हा मारली. डॉक्टर म्हणाले, ते पित्त नव्हतं.

पुढचं सगळं मला नीट आठवतं, पण दुसऱ्या कोणाचं ऐकून आठवावं तसं. लोक आले, बसले, गेले. बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मुलगी सावंतवाडीला दिलेली आहे, ती महिनाभर राहिली आणि जाताना म्हणाली, "आई, एकदा मोकळी रडून घे गं." मी म्हटलं, "बरं." जसं काही ती मला औषध घ्यायला सांगत होती. ते येत नव्हतं, तर मी काय करू? पायाला मुंग्या येऊन पाय बधिर होतो ना, तसं काहीतरी झालं असावं, रक्त फिरलं की येईल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पण रक्त काही फिरेना.

सकाळी पाववाला पोदेर सायकलचा भोंगा वाजवत यायचा. मी दोघांचे उंडे, गोल पाव, घ्यायची. माझा खायची, ह्यांचा तसाच राहायचा, दुसऱ्या दिवशी कुत्र्याला घालायची. पोदेराला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, कुत्र्यालाही ठाऊक झालं. तरी कोणी काही बोललं नाही आणि मी घेत राहिले.

दीर दर रविवारी फोन करायचा. माणूस वाईट नाही. उंटावरून शेळ्या हाकायची सवय आहे, पण पोटात पाप नाही. मार्चच्या सुमारास एका रविवारी घसा खाकरून म्हणाला, "वयनी, शेत दिवन उडोवया. एक पार्टी विचारता. दादा आसलो तें वेगळें. आतां तूं एकली, हांव हांगा. कोण करतलो?"

शेत विकून टाकूया म्हणत होता, आणि बरोबरच होतं त्याचं. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "नको."

मलाच आश्चर्य वाटलं. मग मीच म्हटलं, "बघू. घाई नको." फोन ठेवला आणि तो 'नको' कुठून आला ते शोधत बसले. प्रेम उफाळून आलं, आठवण दाटून आली, असलं काही सांगितलं तर ते खोटं होईल. आत काहीच नव्हतं. पण ते शेत गेलं तर मग सगळंच गेलं, हे मला कळत होतं. पायाखाली पायरी आहे हे अंधारात कळतं, तेवढंच.

आणि शेतात मी चुना टाकला तो तरी काय मोठ्या विचाराने? पोती पडवीत अडचण करून बसली होती. त्यांच्याकडे बघितलं की ती टेकलेली पाठ दिसायची. एकतर ओहोळात टाकून द्यायची, नाहीतर शेतात. शेत जवळ होतं. शेतकी खात्यातल्या त्या मुलीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "काकी, लावणीच्या बरंच आधी टाका, युरियाबरोबर मिसळू नका, आणि तोंडाला फडकं बांधा." फडकं मी बांधलं होतं. डोळ्यांना काय बांधणार?

तर तिथे ती चुन्याची रडारड झाली. पण खरा घोळ पुढेच होता.

हल्ली आमच्या भागात मोकळ्या जमिनीवर पांढरा चुना दिसला की त्याचा एकच अर्थ होतो. प्लॉट पाडले. फक्की मारून रेघा आखतात, मग चार खांब, मग तारेचं कुंपण, मग कुठल्या तरी शहराच्या नावाची पाटी. आणि मी तर अख्खं शेत पांढरं करून ठेवलं होतं. त्यात नवरा गेलेला, आणि रडतानाही लोकांनी पाहिलेली. झालं! दोन आणि दोन चार करायला गावाला वेळ लागत नाही. नवऱ्याचं शेत विकलं म्हणून तर ती शेतात उभी राहून रडत होती!

दुसऱ्याच दिवशी रविवार नसताना दिराचा फोन. "वयनी, म्हाका विचारिनासतना शेत विकलें?"

मी म्हटलं, "काय?"

"प्लॉट पाडले म्हणटात! चुनो मारलो म्हणटात! हांव भाव न्हय ताचो? म्हाका एक शब्द सांगपाचो ना?" बघा आता. शेत विकूया म्हणून जो मागे लागला होता तोच शेत विकलं म्हणून रडकुंडीला आला होता. मला एरवी हसू आलं असतं. मी सांगितलं की बाबा, विकलं नाही, दादाने आणून ठेवलेला चुना मातीत टाकला, पीक यावं म्हणून.

मग तो म्हणाला, "बरें. चवथीक येतां तेन्ना पळयतां. पीक बरें दिसल्यार दवरूंया. ना जाल्यार हांव पार्टीक हय म्हणटां, मागीर तुवें आड येवपाचें ना."

"चालेल," मी म्हटलं. आता निदान मुदत तरी होती. गणेशचवथीपर्यंत शेत हिरवं दिसलं तर राहणार होतं, नाहीतर विकलं जाऊन त्यावर माती पडणार होती.

पण हिरवं व्हायला आधी लावणी व्हायला हवी. आमच्याकडे बायका अजून एकमेकींच्या शेतात लावणीला जातात. आज तुझं, उद्या माझं. त्यांची म्होरकी काकीच. मिरगाला दीर येऊन उजव्या हाताने बी टाकून गेला, रोपांचा तरवा छान उगवला, लावायला आला, आणि बायका येईनात. एकीच्या पोटात दुखतं, एकीच्या घरी पाहुणे. मी दोन दिवस वाट बघितली आणि तिसऱ्या दिवशी काकीच्या दारात उभी राहिले. ती नारळ किसत होती.

म्हटलं, "काकी, ताकाला येऊन भांडं लपवत नाही. माझ्या लावणीला का येत नाहीस?"

ती वर न बघता म्हणाली, "विकल्ल्या शेतांत तरवो कित्याक लावप गो बाये? मातयेखाला पुरपाक?"

"कोणी विकलं?"

"चुनो मारलो न्हय?"

तिथे मात्र माझा पारा चढला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा चढला, आणि खरं सांगते, बरं वाटलं. म्हटलं, "चुना मारला म्हणजे विकलं? मग दर चवथीला तू घराच्या भिंतींना चुना मारतेस, त्या कोणाला विकल्यास? पानाला लावतेस, ते तोंड कोणाला विकलंस?"

काकीचा किसणारा हात थांबला. मी म्हटलं, "आणि त्या दिवशी मी रडत नव्हते. डोळ्यांत चुना गेला होता. पाणी मागत होते मी, आणि तुम्ही मेल्यांनो पदर घेऊन निघून गेलात!"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग अशी हसायला लागली की किसलेलं खोबरं मांडीवर सांडलं. "म्हणजे तूं रडूंक ना?"

"नाही."

"एकदाय ना?"

"नाही म्हटलं ना."

तिचं हसू हळूहळू थांबलं. ती उठली, हात धुतले, डोक्याला फडकं बांधलं आणि गल्लीत उभी राहून हाकाटी केली, "चलात गो! शेत विकूंक ना! तिणें पित्ताचें वखद घातलां ताका!" त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अर्धी लावणी झाली. आणि माझ्या रडण्याचं खरं कारण गावभर झालं. पुढे कितीतरी दिवस मला बघून पोरीबाळी डोळे चोळून दाखवायच्या, "काकी, चुनो?"

आषाढ गेला. श्रावण गेला. मी रोज मेरेवर जाऊन उभी राहायची. भात तग धरून होतं. गेल्या वर्षीसारखं गंजलं नाही, पण डोळे निवावेत असंही काही नाही. ना धड हिरवं, ना धड तांबूस. चुना सावकाश चालतो, हे मी ऐकून होते. पण चवथ काही सावकाश येत नव्हती. काकी म्हणायची, बरं आहे. मला ते बरं आणि वाईट ह्यांच्या मधलं दिसायचं. पंपाच्या खोपीकडे फारसं जाणं होत नसे. तिकडची मेर फुटलेली आणि चिखल गुडघाभर.

चवथीला दीर आला. वर्ष पुरं व्हायचं होतं म्हणून गणपती साधाच, दीड दिवसाचा. गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी बांधायचं काम दोघा भावांचं. ह्या वर्षी त्याला एकट्याला बांधायची होती. रानातली फळं काढायला म्हणून सकाळीच कोयता घेऊन निघाला तो मला म्हणाला, "चल वयनी. वाटेर शेतय पळोवया."

मी मागून चालले. कान बंद झाल्यासारखं झालं होतं. मेरेवर पोचलो. तो कमरेवर हात ठेवून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिला. त्याचं तोंड बघून मला कळलं. हे पीक बघून कोणी शेत ठेवलं नसतं. मीही ठेवलं नसतं. तो शब्द शोधत होता, मला लागणार नाही असा.

बोलणं टाळायला म्हणून तो फळांच्या झाडांकडे, पंपाच्या खोपीच्या अंगाला वळला. आणि थांबला.

"वयनी, हांगा किदें घातलें तुवें?"

"कुठे?"

"हांगा. ह्या कोनशाक."

मी पुढे होऊन बघितलं. त्या कोपऱ्यात भात वेगळंच होतं. काळपट हिरवं, बाकीच्यापेक्षा वीतभर उंच, आणि सरसकट नाही. पट्ट्या होत्या. मेरेपासून आत गेलेल्या, वाकड्या, एकापुढे एक. प्रत्येक पट्टी एका बाजूला दाट सुरू होऊन दुसऱ्या बाजूला विरळ होत गेलेली. मला काही कळेना. म्हटलं, "मी सगळीकडे सारखाच टाकला. इथे वेगळं काही नाही घातलं."

तो चपला काढून, धुतलेली पँट न दुमडता चिखलात उतरला. पट्टीच्या दाट टोकाशी जाऊन उभा राहिला. आयुष्यभर त्या शेतात बी टाकणारा माणूस तो. त्याने रिकामा उजवा हात मागे नेला आणि फेकल्यासारखं केलं. मान हलवली. जमत नव्हतं, पट्टी उलटी होती. मग त्याने डावा हात मागे नेला आणि डावीकडून उजवीकडे फेकल्यासारखं केलं. हात पट्टीवरून बरोबर फिरत गेला. एक पाऊल पुढे, पुन्हा हात. तेही बरोबर.

तो माझ्याकडे वळला तेव्हा त्याचं तोंड पार बदललं होतं. "हो दादाचो हात, वयनी," म्हणाला.

आणि चिखलात मधोमध उभा राहून तो मोठ्याने रडला. लहान मुलासारखा, नाक वाहेपर्यंत. "हांवें ताका केन्नाच बीं घालूंक दिलें ना गो," म्हणत राहिला. मी मेरेवर उभी होते. मला सगळं दिसत होतं. हे कुठे थांबले, कुठे वळून माझ्याकडे बघितलं, तिथे एक पट्टी तोकडी होती. मी दिराकडे बघत होते आणि मला त्याचा हेवा वाटत होता. दुसरं काही नाही, हेवा.

पार्टीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. माटोळी बांधून झाल्यावर हात पुसत एवढंच म्हणाला, "फुडल्या मिरगाक येतां."

कापणीला यंत्र आलं. चालवणाऱ्याला मी सांगितलं, खोपीकडचा कोपरा सोड. तेवढा मी आणि काकीने हाताने कापला, झोडला आणि त्याचं बी वेगळं ठेवलं. उरलेलं भात घरापुरतं झालं. वर्षश्राद्ध झालं. उंडे मी दोघांचे घेतच होते.

ह्या वर्षी मिरगाला दीर आला. तरव्याची जागा चिखल करून तयार होती. मोड आलेलं बी टोपलीत. ते त्याच कोपऱ्याचं. मी मेरेवर थर्मास घेऊन बसले. काकी तिच्या शेताकडे निघाली होती ती रस्त्यावर उभी राहून बघत होती, कारण बघितल्याशिवाय तिला पुढे जाता येत नाही.

दिराने टोपली उचलली. एक क्षण थांबला. मग टोपली उजव्या हाताला घेतली आणि डाव्या हाताने मूठ भरली. हात मागे नेला, फेकला. सगळं बी त्याच्याच पायाशी पडलं, एका ढिगात. त्याने पुन्हा मूठ भरली. पुन्हा ढीग. पाटलासारखा येऊन बी टाकणारा माणूस, त्याची ती दशा बघून मला हसू फुटलं. खरंखुरं, पोटातून. आणि हसता हसता मी मान वळवून हाक मारली, "ऐकलंत का? बघा तुमच्या भावाची पेरणी!"

हाक सवयीने गेली. मग मी थांबले, उत्तरासाठी.

कोणी काही बोललं नाही. दीर मूठ तशीच धरून उभा होता. मी पुन्हा हाक मारायला गेले आणि 'ऐकलंत' एवढंच निघालं. पुढचं निघेना. थर्मास मांडीवरून घरंगळून चिखलात गेला. मी मेरेवर वाकून, दोन्ही हात चिखलात रोवून जी सुरू झाले ती मलाच थांबवता येईना.

काकीने रस्त्यावरून बघितलं. मागच्या खेपेला फसली होती, ह्या खेपेला फसायची नव्हती. तिथूनच ओरडली, "चुनो गेलो काय गो बाये दोळ्यांनी? उदक हाडूं?"

मी 'नाही' अशी मान हलवली.

"पण पाणी आण," म्हटलं.